दमवाले काका

गाडीची तक्रार सांगताना लोक गाडीवर चिडतात. दमवाले काका मात्र बॉनेटवर हात ठेवून, घरातलं आजारी माणूस दाखवायला आणावं तशा हळू आवाजात सांगायचे, "मिस्त्री, कालही तिचा दम गेला गा." त्यांना हे नाव पडलं ते माझ्याच गॅरेजात. गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची. गॅरेज महाल पेठेत, अशा चिंचोळ्या गल्लीत की मोटार आत शिरली की सायकलरिक्षांनी तोंडाशीच थांबावं.

काका खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले होते. बायको वारली होती, मुलगा दिल्लीकडे नोकरीला. दर रविवारी ते आपली निळी मोटार काढून एकटेच रामटेकला जात. ते काकूंचं माहेर, पण तिथंही आता ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. गडावर दर्शन घ्यायचं आणि परत फिरायचं. जाताना मनसरच्या अलीकडे गाडी गचके द्यायची, पाय दाबला तरी पळायची नाही, शेवटी बंदच पडायची. जरा वेळानं आपोआप सुरूही व्हायची. सोमवारी सकाळी काका माझ्या दारात हजर.

मी काय काय केलं नाही! प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलचा पंप खोलला. त्यांच्यासोबत बसून थेट रामटेकपर्यंत चकरा मारल्या, कारण दुखणं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय औषध देणारा मी नव्हे. पण मी शेजारी असलो की गाडी नव्या नवरीसारखी शहाणी! कामठीला काकांना चहा लागायचा. कन्हानच्या पुलावर उतरून नदीत पैसा टाकायचा असायचा. पुढे कुठं पेरूची टोपली दिसली की पुन्हा ब्रेक. या सगळ्यात गाडीनं एकदाही कुरकुर केली नाही.

"काका, तुम्ही एकटे असले तवाच कशी बिघडते जी ही?" मी खवचटपणे विचारायचो.

"तेच तर मले समजून नाही राहिलं," ते म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

गल्लीतले लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याला गाडी दाखवायची नसते, बोलायला माणूस पाहिजे असतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं. ते काकांच्या कानावर गेलं असावं. एकदा मी पाना पुसत असताना ते अचानक म्हणाले, "तुले वाटते, मी बहाणे करून राहिलो. पण मी खोटा माणूस नाही गा." मी हसून वेळ मारून नेली.

मग रामटेकच्या अशाच एका चकरेच्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. सकाळीच एक गिऱ्हाईक भांडून गेलं होतं. कामठी आली तसा मी म्हणालो, "आज चहा नाही, पूल नाही, काही नाही. सरळ चला." काका मुकाट्यानं चालवत राहिले. मनसरच्या अलीकडे गाडीनं पहिला गचका दिला, मग दुसरा. गाडी बंद पडल्यावर इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. "पाह्य! पाह्य! मी म्हणत नव्हतो?" ते ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत शिरली. मूळ झाकण हरवल्यावर काकांनी बाजारातून कुलपाचं झाकण आणून लावलं होतं, आणि त्याला हवेचं भोकच नव्हतं. पेट्रोल कमी होई, पण त्याच्या जागी हवा आत जाईना, मग पंपाला पेट्रोल ओढवेना. गाडी थांबली की फटीतून हळूहळू हवा शिरायची आणि ती पुन्हा ठणठणीत.

"म्हणजे तू सोबत असला की आपण थांबत होतो, म्हणून दम जात नव्हता?" काकांनी विचारलं.

"हो जी. पण एकटे असले की तुम्ही कुठंच थांबत नाही काहून?"

"एकट्यानं काय चहा प्यायचा गा?"



गॅरेजात येऊन मी झाकणाला बारीक भोक पाडलं. काका जवळ उभे राहून पाहत होते. "आता कधीच नाही जाणार दम?" त्यांनी विचारलं. मी मोठ्या ऐटीत नाही म्हणालो. "बरं झालं," ते म्हणाले, पण आवाज पडलेला होता.

पुढच्या सोमवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढचाही सोमवार तसाच गेला. गाडी नीट चालत होती, म्हणजे येण्याचं कारणच उरलं नव्हतं. मला त्यांची फार आठवण येत होती. ते कुणाला सांगण्याची सोय नव्हती, कारण गॅरेजवाला गिऱ्हाइकासाठी हळहळला की लोक पैशाचाच अर्थ काढतात.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी दारात सायकलरिक्षा थांबली आणि काका उतरले. बरेच वाळले होते.

"गाडी इकून टाकली," ते म्हणाले. "पोरगा म्हणे, बाबा, डोळ्यानं दिसत नाही, आता चालवू नका." मग उंबऱ्याबाहेरच थांबून, एखादी मोठी मागणी करावी तसं अडखळत म्हणाले, "आता दाखवायले माह्याजवळ काही नाही. पण थोडा वेळ बसलो, तर चालंन का गा?"

हातातलं काम तसंच टाकून मी चहा आणायला स्वतःच टपरीवर धावलो. दोन ग्लास घेऊन परत आलो, तर ते अजून उंबऱ्याबाहेरच उभे. 'बसा' म्हणायचं मी घाईत विसरूनच गेलो होतो.