राख गार होईपर्यंत

अहल्याअक्का बंगळुरातल्या एका शाळेत गणित शिकवायच्या आणि मुलींचं गाईड पथकही चालवायच्या. १९५८च्या उन्हाळ्यात आनेकलजवळच्या माळावर त्यांचं शिबिर संपलं. निघताना पथकातल्या नयनाने शेकोटीवर माती लोटली, तेवढ्यात बस आली.

“अक्का, विझलीय ती. चला ना!”

अक्कांनी मातीवर उलटा हात धरला. “स्वल्प थांब. जाऊ दे बस.”

त्यांनी काठीने माती उकरली, तर आत निखारे लालबुंद होते. भोवती वाळकं गवत होतं, पलीकडे धनगरांच्या झोपड्या. नयनाचा चेहरा उतरला. कुणी न सांगताच ती तळ्याकडे धावली. तिने आणलेलं पाणी अक्कांनी ओतलं, राख ढवळली, पुन्हा ओतलं. राख हाताला गार लागली तेव्हाच त्या उठल्या.

दुपारच्या बसची वाट बघताना नयना त्यांना चिकटून बसली.