चौथ्या पायरीची वीस काडतुसं

"बार काढल्यावर रायफलीचा बोल्ट जड उठला की नाही, एवढंच विचारतेय मी."

"ताई, आधी टार्गेट तर बघा ना! पाचही भोकं बाटलीच्या झाकणाखाली मावतायत. आयुष्यात असं मारलं नव्हतं मी."

"बघितलं. छान आहे. बोल्ट?"

"थोडासा अडला. थंडी आहे, रायफल घाण झालीय..."

"कमी मापाच्या पहिल्या तीन पायऱ्यांना काय उन्हाळा होता?"

प्रसन्नने टार्गेटचा कागद टेबलावर आपटला. विभावरीने तो उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी पाच रिकाम्या पुंगळ्या बुडं वर करून मांडल्या. दिव्याखाली प्रत्येक बुडावर एक चकचकीत ओरखडा दिसत होता.

"बंदुकीची दारू जास्त झालीय, दाबाने पितळ मागे बोल्टवर घासलंय. दुसऱ्या-तिसऱ्या बारालाच हाताला कळलं असणार तुझ्या. तरी पाच मारलेस."

"पाच भोकांचा ग्रुप पूर्ण नको करायला? आणि जयेशच्या रायफलीत हाच लोड, एवढंच माप, मस्त चालतो. सेम कंपनी, सेम मॉडेल!"

"तुमच्याच ऑफिसात म्हणतात ना, 'माझ्या मशीनवर तर चालतंय'? असं म्हणणाऱ्याचं काय करता तुम्ही?"

"हसतो," प्रसन्न नाइलाजाने म्हणाला.

आयर्लंडातल्या पोर्टलीशपासून अर्ध्या तासावर, जळणासाठी पीटची दलदली माती काढून काळ्या पडलेल्या माळाच्या कडेला नेमबाजी क्लबची ही पत्र्याची खोली होती. सभासदांनी आपली काडतुसं भरायची ती इथेच, घरी नाही. क्लबच्या परवान्याची तशी अट होती. सहा वर्षं खोलीची किल्ली विभावरीकडे होती. आठवडाभर ती एका कारखान्यात हृदयात सरकवायच्या बारीक नळ्या तपासायची आणि शनिवारी इथे येऊन बसायची. किल्ली देताना म्हातारा सेक्रेटरी डुईगन एवढंच म्हणाला होता, "तू असलीस की सगळं ग्रँड."

सगळ्यांना ती ग्रँड वाटायची असं मात्र नाही. नवशिक्याला पहिल्या दिवशी ती बंदुकीच्या दारूला हातच लावू देत नसे. बस आणि मापांचं पुस्तक वाच, म्हणायची. ज्या दारूचं, ज्या गोळीचं पान असेल तेच पान, शेजारचं नाही. त्या पानावरचा दारूचा सगळ्यात कमी आकडा ही पहिली पायरी. तिथून जरा जरा वर, प्रत्येक पायरीची पाच काडतुसं. टेबलावर दारूचा एकच डबा, बाकीचे कपाटात कुलपात. प्रत्येक माप तोलायचं. पुंगळ्या भरल्या की गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन सगळ्यांत डोकवायचं, एखादीत दोनदा तर पडली नाही ना. बुडावर मार्करने पायरीचा आकडा घालायचा. आणि बोल्ट जड झाला की त्या बारालाच थांबून दोन पायऱ्या खाली उतरायचं. पुढची पायरी बघू का, हा प्रश्न तिला चालत नसे.

चाचणीचे बार सोडले तर तिची त्या पायरीच्या कार्डावर सही झाल्याशिवाय एकही काडतूस खोलीबाहेर जात नसे.

ही शिस्त तिने काही आयर्लंडात कमावली नव्हती. वडील, उल्हासराव, खानदेशातल्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस. तिथे गेटवर रोज खिसे उलटे करून दाखवायचे, काडेपेटी नाही, खिळा नाही. सवय इतकी की संध्याकाळी घरी आले तरी दारात उभे राहून दोन्ही खिसे बाहेर काढायचे आणि मग चप्पल. शाळेत जाईपर्यंत विभावरीला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असे घरात शिरतात. तिचा नवरा नरेंद्र अजून तिला चिडवायचा, "लोक गोल्फ खेळतात. हिला शनिवारीसुद्धा ड्यूटी."

प्रसन्नचं प्रकरण तसं साधं होतं. राहणं डब्लिनजवळ डून लेरीला, सॉफ्टवेअरचं ऑफिस डब्लिनातच बॉल्सब्रिजला, दोन वर्षं न चुकता दर शनिवारी इतक्या लांब गाडी हाकत यायचा. क्लबच्या चौघांच्या संघात एक जागा उरली होती. रविवारी तिची निवड होती: दहा बार, एक टार्गेट. जयेश, त्याचा मित्र, आधीच संघात बसला होता. त्याच्या शब्दावर प्रसन्नने चौथ्या पायरीची पाच नाही, एकदम वीस काडतुसं भरून टाकली होती. हेच शेवटी बरोबर निघणार, याची खात्री होती त्याला.

"दुसऱ्या पायरीवर सही आत्ता देते," विभावरी म्हणाली. "उद्याची दहा भरून घे. मी थांबते."

"दुसरीचा ग्रुप तीन बोटं रुंद आहे! त्याने जागा मिळते का कुणाला?"

"नाही मिळत बहुतेक."

"मग?"

"मग नाही मिळत."

"दहाच बार आहेत हो ताई. दहांत काय होणार?"

"काही होणार नाही बहुतेक. नऊमध्ये तर नक्कीच नाही. दहाव्याला रायफल तोंडावर फुटेल."

"तुम्हाला सही करायची भीती वाटते, दुसरं काही नाही."

"वाटते," ती म्हणाली आणि खण उघडून तिने हातोडीसारखं एक प्लास्टिकचं अवजार काढलं. त्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी सुटून येते आणि दारू बाहेर सांडते. "चौथीचा डबा दे. सगळी सोडवू."

डबा त्याने पटकन पुढे सरकवला. इतक्या भांडणानंतर इतक्या पटकन, हे तिला खटकलं. तिने झाकण काढून मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"वीस भरलीस. पाच मारलीस. राहायला हवीत पंधरा. ही पाचच आहेत."

प्रसन्नचा हात जाकिटाच्या खिशाकडे गेला.

"खिसे, प्रसन्न."

"ताई, प्लीज. मी काय शाळेत आहे?"

"खिसे."

जाकिटाच्या डाव्या खिशातून किल्ल्या निघाल्या, डार्ट लोकलचं कार्ड निघालं, पेपरमिंट निघालं. उजव्यातून दुकानातल्या काडतुसांचं पुठ्ठ्याचं खोकं. ते त्याने टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला. विकतच्या काडतुसांना कार्ड लागत नाही, सही लागत नाही. रविवारी कुणी विचारलंच नसतं.

विभावरीने खोकं उघडलं. आत दहा होती. तिने एक उचलून दिव्यापाशी धरलं. बूड कोरं, आकड्याचा मागमूस नाही. नाकाशी नेलं तर सॅनिटायझरचा वास.

तिने ते बोटांत एकदा फिरवलं. मग तिने ते हातोडीत बसवलं, एकदा ठोकलं, दुसऱ्यांदा ठोकलं. गोळी टप्पकन निसटली आणि राखाडी दाणे ताटलीत सांडले.

"सही मी दिली नसती, हे तुला माहीत होतं. त्याचा राग नाही मला," ती म्हणाली. "पण आकडे पुसलेस. उद्या एखादं खोक्यातच राहिलं असतं, महिन्याने दुसऱ्याच कुणाच्या रायफलीत गेलं असतं. त्याला कसं कळणार होतं, हे चौथीचं आहे?"

प्रसन्नने किल्ल्या उचलल्या, कार्ड उचललं. खोकं आणि पेपरमिंट तिथेच राहिलं.

"प्रसन्न, पुसताना हे डोक्यात आलं होतं का?"

त्याने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, दार उघडलं आणि तो निघून गेला.