चालतं इस्पितळ

आमचे हे, म्हणजे दीनानाथ टेंबे, सदाशिव पेठेतल्या एका शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. म्हणजे शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. लोकांना चहाबरोबर बिस्कीट लागतं, ह्यांना शब्द लागतो. तो कुठून आला, कुणाच्या घरी वाढला, कुठे जाऊन बिघडला, सगळी कुंडली मांडायची. मंडईत गवार आणायला पाठवावं, तर भाजीवालीला बटाट्याचं मूळ पोर्तुगीज आहे हे पटवून परत यायचे, गवार न घेता. वर्गातली मुलं पाठीमागे त्यांना ‘उगम’ म्हणत. मीही वैतागले की म्हणायची.

मुलगी हेमा कॅनडाला जाताना आम्हाला वाघोलीच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवून गेली. लिफ्ट आहे, बाग आहे, ऐकणारं मात्र कुणी नाही. त्यामुळे पेठेत शंभर जणांत वाटलं जायचं ते सगळं माझ्या एकटीच्या वाट्याला आलं.

त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला आम्ही स्वयंपाकघरात चहा पीत होतो. खाली नगर रस्त्यावरून एक ॲम्ब्युलन्स ओरडत गेली.

“ॲम्ब्युलन्स म्हणजे मुळात गाडी नव्हे बरं का. इस्पितळ,” हे म्हणाले.

हे मी निदान पन्नास वेळा ऐकलं होतं. हातात मेथीची जुडी होती, ती निवडायची होती. मी म्हटलं, “काहीतरीच तुमचं. ॲम्ब्युलन्स म्हणजे गाडी. शेंबडं पोरही सांगेल.”

“थांब, दाखवतो.” आणि कपाटावरचा जाडा शब्दकोश काढायला त्र्याहत्तर वर्षांचा हा माणूस प्लास्टिकच्या स्टुलावर चढला. चढू नका म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आवाज झाला. स्टूल एकीकडे, कोश एकीकडे, आणि हे फरशीवर. डोकं ओट्याच्या कडेला लागलं होतं.

रक्त फार नव्हतं. शुद्धही होती. पण फोनवर एकशेआठचे तीन आकडे दाबायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला.

गाडी आली. ड्रायव्हर मच्छिंद्र, आणि पद्मजा नावाची तरुण डॉक्टर. तिने ह्यांच्या मानेला पट्टा बांधला, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मला शेजारी बसवलं.

“आजी, ह्यांना बोलतं ठेवा. झोपू द्यायचं नाही. बोलण्यात जरा जरी फरक वाटला तरी लगेच मला सांगायचं. तुम्हालाच कळेल, मला नाही.”

बोलतं ठेवा! चव्वेचाळीस वर्षं मी ह्यांना गप्प करण्यात घालवली होती.

“अहो, दुखतंय का?” मी विचारलं. उत्तर नाही. “हेमाला फोन करू का?” नाही. “पाणी हवंय का?” पापण्या जड होत चालल्या होत्या. केसनंद फाट्यावर गाडी थांबली ती थांबलीच. सायरन नुसता बोंबलत होता. पुढून मच्छिंद्र म्हणाला, “आजी, पुढं समदं जाम हाय. पण गाडी घालतो मी, तुमी घाबरू नका.” घाबरू नका म्हटल्यावर मी जास्तच घाबरले.

आणि मग भीतीच्या पोटी मला सुचलं. ह्या माणसाला प्रश्न विचारून उपयोग नाही. ह्याच्यासमोर चुकलं पाहिजे. सकाळी चुकीचं बोलूनच मी ह्यांना पाडलं होतं, हे कळत होतं मला, आणि तरीही मी पुन्हा तेच केलं.

“ॲम्ब्युलन्स हा शब्द अँबॅसिडर गाडीवरून आलाय,” मी मोठ्याने म्हटलं.

डोळे उघडले. “मूर्खासारखं बोलू नकोस. फ्रेंच आहे तो.”

जन्मात कधी ‘मूर्ख’ ऐकून मला इतका आनंद झाला नव्हता.

“फ्रेंचांकडे कुठल्या आल्यात गाड्या!”

“गाडी नव्हेच गं. फौजेच्या मागोमाग फिरणारं इस्पितळ. तंबू, खाटा, डॉक्टर, सगळं. चालतं इस्पितळ.”

“आणि मग पेशव्यांनी त्याची गाडी केली.”

“पेशवे!” त्यांनी मान हलवायला पाहिलं, पट्ट्याने हलू दिली नाही. “क्रिमिया. क्रिमियाची लढाई. जखमींना इस्पितळात आणायच्या गाड्या... त्यांनाच ते नाव पडलं.”

खराडी आली. पुढे पॅरिसचा वेढा यायला हवा होता. नाटकगृहांत खाटा टाकल्या आणि त्या नाटकगृहांनाही ॲम्ब्युलन्स म्हणू लागले, हा ह्यांचा लाडका भाग. तो गाळून हे गप्प झाले. हे कधी काही गाळत नाहीत. तेव्हा मला कळलं की ह्या शब्दाची सगळी गोष्ट मला तोंडपाठ आहे. न ऐकता ऐकली होती मी, पन्नास वेळा.

“बाबागाडीचा आणि ॲम्ब्युलन्सचा काही संबंध नाही,” मी म्हटलं. ओरडलेच असेन.

मग ओठ हलले. “आहे. पेरँब्युलेटर. लॅटिन... चालणं. दोन्हींत... चालणंच.”

शब्द एकमेकांना चिकटून येत होते. मी पद्मजाकडे पाहिलं. ती नाडी धरून घड्याळाकडे बघत होती. “बोलतायत, छान,” ती म्हणाली. “चालू ठेवा.”

माझ्याजवळच्या चुका संपत आल्या होत्या. गाडी चंदननगरच्या गर्दीत अडकली होती. मी सकाळचीच चूक पुन्हा काढली, जिच्यापायी हा माणूस स्टुलावर चढला होता.

“ते काही असो. ॲम्ब्युलन्स म्हणजे गाडी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शांतपणे, अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाले, “हो. तुझंच बरोबर आहे.”

“डॉक्टर!” मी किंचाळले. “बोलणं बदललं ह्यांचं!”

“आजी, आत्ता तर किती नीट बोलले.”

“अगं, हा माणूस मला बरोबर म्हणतोय! लग्नाच्या तारखेवरून वाद झाला आणि मी पत्रिका समोर धरली, तेव्हाही छापणाऱ्याची चूक आहे म्हणाला होता हा माणूस! बघ, आधी बघ त्यांना!”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बॅटरी काढली. एक डोळा, मग दुसरा, मग परत पहिला. “एक बाहुली मोठी झालीय,” ती पुटपुटली. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेवर तिने मूठ आपटली. “मच्छिंद्र, राँग साइडनं घाल! आणि फोन लाव, ऑपरेशनची तयारी ठेवा म्हणावं!”

गाडी अशी वळली की मी ह्यांच्या अंगावर पडले. त्यांचा हात माझ्या हातात होता, गरम, पण बोटं मिटत नव्हती.

“अहो, नाही हो,” मी म्हणत होते. “माझं चूक आहे. गाडी नव्हे, इस्पितळ. तंबू, खाटा, सगळं. तुम्हीच सांगितलंत ना? मूर्ख म्हणा मला. अहो, एकदा म्हणा.”