सोमवारचे वीस फोन

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये रविवारी चाचणी होते आणि सोमवारी फोन. प्रत्येक शिक्षकाला आपल्या विषयातल्या तळाच्या वीस पोरांची यादी मिळते. पोराला टेबलाशी उभं करायचं, त्याच्या घरी फोन लावायचा, स्पीकर चालू ठेवायचा आणि मार्क वाचून दाखवायचे. क्लासचे मालक, म्हणजे आमचे मोठे सर, स्टाफरूमच्या दारात उभे राहून ऐकतात. नाक दाबलं की तोंड उघडतं, एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र. पलीकडून कुणी बाप शिव्या देतो, कुणी नुसता गप्प बसतो. गप्प बसणारा मला जास्त जड जातो.

मी जीवशास्त्र शिकवते. ताण आला की शरीरात काय काय होतं, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. सोमवारी सकाळी तेच सगळं माझ्या शरीरात होतं आणि त्या आकृतीचा मला काडीचाही उपयोग होत नाही.

शेजारच्या टेबलावर रसायनशास्त्राचे सर बसायचे. मूळचे नांदेडकडच्या लोह्याचे. माझ्या थर्मासातला चहा अर्धा त्यांचा, हे ठरलेलंच होतं. त्यांची धाकटी मुलगी आमच्याच क्लासला होती, हुशार पण परीक्षेला घाबरणारी. पोराचा बाप चिडला की सर फोनवर खोटं बोलायचे, "अवो, पेपरच अवघड होता." मोठे सर दारातून खाकरायचे. एकदा चहा घेताना रसायनाचे सर मला म्हणाले, "मॅडम, यादीत माझ्या पोरीचं नाव आलं तर मी कुणाला फोन लावू? बाप तर हितंच बसून राहिलाय." आम्ही दोघंही हसलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मग पुण्याहून एक बाई आल्या. तणाव आणि संवाद या विषयावर दिवसभराचं शिबिर. पंख्याखाली डोळे मिटून आम्ही सगळे खोल श्वास घेत बसलो. गणिताचे सर तर चक्क घोरायला लागले. शेवटी बाईंनी एकेक चिठ्ठी दिली. मनात काय सलतंय ते लिहा, नाव लिहू नका, वाचून मी फाडून टाकणार. मी लिहिलं, "स्टाफरूमचा पंखा आवाज करतो." मी अशीच आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची सवय झाली की चिठ्ठीतसुद्धा तोंड उघडत नाही.

बाईंनी चिठ्ठ्या फाडल्या नाहीत. दोन दिवसांनी मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा त्या त्यांच्या टेबलाच्या काचेखाली नीट लावलेल्या होत्या. त्यांनी एक पुढे सरकवली. मजकूर मोठ्या, सुट्या अक्षरांत होता, ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम काढलेला.

"स्पीकरवर फोन → बापाची लाज → पोराला मार → पुढच्या चाचणीत आणखी कमी मार्क. हे बंद करा."

"कुणीतरी फार टेन्शनमध्ये आहे, मॅडम," मोठे सर हळू आवाजात म्हणाले. "आपलंच माणूस आहे. मदत करायची तर कोण ते कळायला हवं ना?"

असा मऊ आवाज त्या केबिनमध्ये मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, शिबिराचा गुण आला. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी मला विश्वासात घेतलं याचं थोडं सुखही वाटलं. मी हसत म्हणाले, "असे बाण दुसरं कोण काढणार सर? रसायनवालेच!"

अक्षर बदललं होतं रसायनाच्या सरांनी, पण एकातून दुसरं निघतं हे दाखवायला हात सवयीने बाणाकडे गेला. रासायनिक अभिक्रिया लिहिताना वर्षानुवर्षं फळ्यावर तेच केलेलं.

त्याच आठवड्यात सरांना 'विश्रांती' मिळाली. मोठे सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुमच्या तब्येतीची काळजी वाटते, थोडे दिवस गावी राहा. बोलायची ती सगळी पद्धत शिबिरातली होती. टाळ्यासुद्धा झाल्या; मीही वाजवल्या.

गावी निघताना ते माझ्या टेबलाशी आले. कप रिकामा करून म्हणाले, "मॅडम, वळखलं कसं असंल वो त्यांनी? लई जपून लिवलं होतं."

"काय माहीत," मी म्हणाले.

"हाव, तेबी खरंय." त्यांनी कप धुऊन पालथा ठेवला. "पोरीकडं लक्ष असू द्या. वर्षभराची फी भरलीय, तिला हितंच ठेवतो."

त्यांच्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही. शिकवणी गणिताच्या सरांचा एक ओळखीचा माणूस उरकतो आणि रसायनशास्त्राचे फोन माझ्याकडे आलेत. बाण ओळखणाऱ्या बाईकडेच ते यायचे होते. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

मागच्या सोमवारी रसायनाच्या यादीत पहिलंच नाव त्यांच्या मुलीचं होतं. ती टेबलाशी उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मोठे सर दारात होते. मी फोन लावला, स्पीकर चालू केला.

"बोला, मॅडम."

मी मार्क वाचले. त्यांना सांगायचं होतं, सर, चिठ्ठी मी ओळखली, मी सांगितलं. स्पीकर चालू होता. बंद असता तरी मी सांगितलं असतं का, कोण जाणे.

"पेपर अवघड होता," मी कशीबशी म्हणाले. दारातून खाकरणं ऐकू आलं.

"न्हाई मॅडम, पेपर सोपा होता. तिनं मला समदा सांगितला." मग त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "तिला वर्गात जाऊ द्या. आन् ठेवा आता. तुमाला अजून एकोणीस करायचेत."