शिंगाड्याचं दुसरं नाव

गुणाबाईची हयात लाखनीजवळच्या तलावात शिंगाडे तोडण्यात गेली. डोक्यावर शिंगं, म्हणून शिंगाडा, एवढंच तिला ठाऊक. शिंगांसारख्या मिशा असलेल्या एका माशालाही ती शिंगाडाच म्हणे. परवा कॉलेजात वनस्पती शिकवणाऱ्या उर्वशी मॅडम तलावाच्या पाळीवर आल्या आणि म्हणाल्या, “मावशी, शास्त्रात या फळाला ट्रापा म्हणतात. पूर्वी तिकडं युरोपात लढाईत घोड्यांच्या पायाखाली लोखंडी काटे पसरायचे, त्या काट्यांवरून पडलेलं नाव.”

शिंगाड्यांनी टोचून चाळण झालेला आपल्या पायाचा तळवा गुणाबाईनं मांडीवर घेतला आणि निरखून पाहिला.

“आमी शिंगं पाहून नाव ठेवलं,” ती हळूच म्हणाली, “पन तिकडं नाव ठेवनाऱ्या मानसाच्या पायातच शिंगाडा गेला असन, मॅडम. त्याच्याबिगर असं नाव सुचत नाही.”