चौकीवरची 'तबेला' पाटी

मुलांनो, आज दसरा. तलवारीला तेल लावताना त्या वासाने जुनी सकाळ आठवली, आणि रागही आला. पर्यटकांसाठी कुणीतरी आपल्या पनवेलच्या घरापुढच्या पहाऱ्याच्या चौकीवर 'जुना तबेला' अशी पाटी ठोकली होती. इथे घोडा कधीच बांधला नाही. कर्नाळा किल्ल्याचे पहारेकरी, आपले पूर्वज, इथे शस्त्रं ठेवत.

मी लहान असताना दसऱ्यालाच एक साहेब चौकी पाहायला आले आणि बुटांसकट आत शिरू लागले. माझी काकी तिथे शस्त्रांची पूजा मांडत होती.

"सायेब, बूट भायेर."

"मला घाई आहे, बाई."

"मंग लवकर काढा."

साहेबांनी बूट काढले. इंग्रजी शाळेतली मी तेव्हा काकीच्या बोलण्याने लाजले होते. आज काकीचंच पटतं.

पाटी मी उतरवली. चौकी शाबूत आहे आणि तिची किल्ली माझ्याकडे आहे.