गुळातली फौज

आमच्या बारामतीच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांची जीभ बघितली की आज काय रंगवलं ते कळायचं. हिरवी असली की झाडी, तांबडी असली की पागोटी. ब्रशला टोक आणायला ते तो सरळ तोंडात घालत. "पाण्यानं टोक येत न्हाय गणितराव, थुंकीनंच येतं," असं मला सांगत. मी गणित शिकवायचो, म्हणून गणितराव.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मास्तरांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. नीरा ओलांडणाऱ्या मराठी फौजेचं दरवाजाएवढं जलरंगातलं चित्र हॉलमध्ये लावूनच घरी जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "गॅदरिंगपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर पुण्याहून छापील चित्र आणू." छापील! त्या शब्दाने मास्तर दोन दिवस जेवले नाहीत.

कागद भिजवून खळीने फळीवर ताणला. एवढा रंग गावात कुठला मिळायला? गेरू, काजळ आणि नीळ त्यांनी बाभळीच्या डिंकात स्वतःच घोटली. रंग वाळून तडकू नये म्हणून त्यात वडगावच्या गुऱ्हाळाचा गूळ घातला. मंडईतले माळी आणि वाटेवरचे धनगर शिपाई म्हणून उभे केले. भाल्याऐवजी हातात ऊस. एक धनगर वैतागून म्हणाला, "मास्तर, लढाई कवा सुरू व्हायची? मेंढरं खोळंबल्यात."

गॅदरिंगला चार दिवस उरले आणि सकाळी हॉल उघडला, तर चित्रावर मुंग्यांची रांग. सोळा शिपायांची तोंडं साफ! चेहऱ्यांच्या रंगात गूळ जरा सढळ हाताने पडला होता. मास्तर चित्राला नाक लावून बघू लागले. मला वाटलं, आता रडतात.

"घोड्यांना तोंड लावलं न्हाय," ते म्हणाले. "माणसंच गोड लागली."

धनगर पुढच्या मुक्कामाला गेले होते, माळ्यांना भाजीतून सवड नव्हती. हाताशी मी एकटा. चार दिवस मी कधी डोळे वटारून, कधी दात विचकून त्यांच्यापुढे बसलो. या वेळी नुसत्या डिंकातला रंग. चित्र वेळेवर लागलं, पण अख्ख्या फौजेला माझं नाक. पाहुण्यांनी विचारलं, "हे सगळे भाऊ का?"

"व्हय," मास्तर म्हणाले. "आईला लय सोसावं लागलं."

तेव्हापासून ते हॉलच्या उंबऱ्याशी रोज गुळाचा खडा ठेवू लागले. "रसद हितंच पोचली की गनीम वर चढत न्हाय." निरोपाच्या दिवशी गुळाचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. "फौज तुमच्या घरची हाय. आता तुमी बघा."

दोन वर्षांनी मास्तर गेले. चेहऱ्यांच्या नव्या रंगात गूळच नव्हता, मुंग्यांना वर चढायचं कारण नव्हतं, एवढं गणित मला येत होतं. तरी माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी खडा ठेवला. मुंग्या यायच्या, आणि मास्तर हॉलमध्येच आहेत असं वाटून मला बरं वाटायचं.